दंडूतला तलाव : लष्करी भूमी, निसर्ग आणि श्रमदान

हीरक महोत्सवी स्मरणिकेसाठी इतिहासविषयक लेख लिहावा, असे संपादक मंडळाने सुचविले, तेव्हा शाळेचाच इतिहास लिहावा असे प्रथम मनात आले. परंतु तो या ग्रंथात अन्यत्र अधिकारी व्यक्तींनी लिहिला आहे. म्हणून एका विद्यार्थिनीने विचारलेल्या प्रश्नाकडे मी वळते.

काही वर्षांपूर्वी सातवीच्या वर्गाला घेऊन आम्ही हलसूर तलावावर गेलो होतो. एका काठावर रहदारी, गुरुद्वारा आणि नौकाविहाराचा धक्का; दुसऱ्या काठावर लष्कराची हद्द, दाट झाडी आणि प्रवेशबंदीचा फलक. मुले पाणकावळे आणि वंचक मोजत होती. तेवढ्यात एका मुलीने विचारले, "बाई, हा तलाव नक्की कुणाचा? आपला की मिलिटरीचा?" "सर्वांचा," असे मी शिक्षकी सवयीने सांगून टाकले. ते उत्तर खोटे नव्हते, पण अपुरे होते. त्या प्रश्नाचे पुरे उत्तर द्यायचे तर बेंगळूरचा चारशे-पाचशे वर्षांचा इतिहास चाळावा लागतो. या लेखात तोच प्रयत्न केला आहे.

तलावांचे नगर

मोठी नदी नसलेल्या जागी वसलेली महानगरे थोडी. बेंगळूर त्यांपैकी एक. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीच्या कण्यावर हे शहर वसले आहे. या कण्याच्या एका बाजूला पडलेले पाणी वृषभावती आणि अर्कावतीच्या मार्गाने कावेरीला मिळते, तर दुसऱ्या बाजूचे पाणी दक्षिण पिनाकिनीकडे वाहते. १५३७ मध्ये केंपेगौडांनी येथे नगर वसविले, तेव्हा पावसाचे पाणी अडविण्यावाचून गत्यंतर नव्हते. म्हणून उतारावर एकाखाली एक असे तलाव बांधले गेले. वरचा तलाव भरला की जादा पाणी कालव्यातून खालच्या तलावात उतरावे, अशी ती साखळी होती. या कालव्यांना येथे 'राजकालुवे' म्हणतात. हलसूर तलावाचे श्रेय परंपरेने याच गौडा घराण्याला दिले जाते.

१६३८ मध्ये विजापूरच्या रणदुल्लाखानाबरोबर शहाजीराजे येथे आले आणि बेंगळूर त्यांच्या जहागिरीचे ठाणे झाले. आपल्या शाळेतील प्रत्येक मुलाला हे पाठ असते. मात्र त्या काळातील बेंगळूरचे रूप आपण सहसा डोळ्यांसमोर आणत नाही. मल्लेश्वरमच्या काडू मल्लेश्वर मंदिरात एकोजीराजांचा १६६९ चा शिलालेख आहे. मंदिराला एक गाव दान दिल्याची त्यात नोंद आहे. कन्नडमध्ये 'काडू' म्हणजे रान. मराठे या भागात नांदत होते तेव्हा महादेवाचे ते स्थान रानात होते. १६८७ मध्ये मोगलांनी बेंगळूर घेतले आणि तीन लाख रुपयांना म्हैसूरच्या चिक्कदेवराय वोडेयरांना दिले. देवाच्या नावात रान अजून शिल्लक आहे; देवळाभोवती मात्र ते शोधावे लागते.

छावणी येते

१७९९ मध्ये टिपू सुलतानाचा पाडाव झाल्यावर इंग्रजांची फौज श्रीरंगपट्टणला राहिली. तेथील हिवतापाने सैनिक हैराण झाले, तेव्हा उंच आणि थंड हवेचे बेंगळूर निवडले गेले. १८०९ च्या सुमारास हलसूर गावाच्या परिसरात छावणी उभी राहिली. स्थानिक लोक तिला 'दंडू' म्हणत. कन्नडमध्ये दंडू म्हणजे सैन्य. एका बाजूला पेठांचे जुने शहर आणि दुसऱ्या बाजूला कवायत मैदाने, बराकी, बंगले आणि बागा, अशी दोन बेंगळूर दीडशे वर्षे शेजारी नांदली. १९४९ मध्ये दोन्ही नगरपालिका एकत्र होऊन महानगरपालिका स्थापन झाली, तेव्हा कारभार एक झाला. लष्कराच्या ताब्यातील जमिनी मात्र लष्कराकडेच राहिल्या.

हलसूर तलावाच्या काठावर असलेला मद्रास इंजिनियर ग्रुप हा या इतिहासाचा सर्वांत जुना साक्षीदार. या दलाची परंपरा १७८० पासूनची आहे आणि १८३४ पासून त्याचे ठाणे बेंगळुरात आहे. नद्यांवर पूल उभारणे, रस्ते काढणे, सुरुंग शोधणे हे त्यांचे काम. पुलाचे आणि नौकांचे शिक्षण द्यायचे तर पाणी हवेच. म्हणून तलावाचा एक भाग त्यांच्या प्रशिक्षणासाठी वापरला जात आला आहे. याच दलातील अधिकारी रिचर्ड सँकी म्हैसूर राज्याचे मुख्य अभियंता झाले. कब्बन पार्क त्यांच्याच कारकिर्दीत आकाराला आले आणि १८८२ मध्ये मल्लेश्वरमजवळचा तलावही त्यांच्या योजनेतून झाला. तो आजही सँकी तलाव या नावाने ओळखला जातो. सैनिकी अभियंत्यांना पाण्याची किंमत कळत होती, कारण त्या काळी छावणीची तहान तलावच भागवीत होते.

१८९४ मध्ये हेसरघट्टा येथे अर्कावतीवर जलाशय झाला आणि नळाने पाणी येऊ लागले. पुढे १९७४ पासून कावेरीचे पाणी शहरात आले. पाणी दुरून मिळू लागताच जवळच्या तलावांची गरज सरली. धर्मांबुधी तलावाच्या जागी आज मध्यवर्ती बसस्थानक आहे. संपंगी तलावाच्या जागी कंठीरव क्रीडांगण उभे आहे. कोरमंगलच्या जुन्या तलावाच्या जागेवर १९९७ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी वसाहत झाली. यांपैकी प्रत्येक गोष्ट शहराला हवी होती, हे खरे. पण हवे ते सर्व तलावाच्या तळाशीच का बांधले गेले, याचे उत्तर सोपे आहे : ती मोकळी सरकारी जमीन होती आणि तिला राखणदार नव्हता.

कुंपणाने काय राखले

लष्करी जमिनींना राखणदार होता. संरक्षण मंत्रालयाने अलीकडे केलेल्या मोजणीनुसार देशात सुमारे १७.७८ लाख एकर संरक्षण भूमी आहे. त्यांपैकी सुमारे १.६१ लाख एकर मोजणीच्या वेळच्या ६२ छावण्यांच्या हद्दीत येत होते. महाराष्ट्रात अशा सात छावण्या आहेत : पुणे, खडकी, देहूरोड, देवळाली, अहमदनगर, औरंगाबाद आणि कामठी. कर्नाटकात छावणी मंडळ असलेली एकच छावणी, ती बेळगावची. पुण्याहून किंवा नाशिकहून येणारा कोणीही प्रवासी सांगेल की, शहराची गर्दी संपून एकाएकी जुनी झाडे आणि मोकळी मैदाने लागली की समजावे, छावणीची हद्द आली.

हे रक्षण हेतुपूर्वक झाले असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. लष्कराला नेमबाजीसाठी मोकळे माळ हवे होते, गुप्ततेसाठी आडोसा हवा होता आणि सुरक्षिततेसाठी वस्ती दूर हवी होती. त्या गरजेपोटी जे राखले गेले त्यात झाडे, गवत, पाखरे आपोआप वाचली. याचे बोलके उदाहरण म्हणजे माळढोक. सोलापूरजवळील नान्नजच्या माळावर हा पक्षी एकेकाळी हमखास दिसे. आज तेथे तो जवळजवळ नाहीसा झाला आहे. जगात दीडशेहूनही कमी माळढोक उरले असावेत, असे अभ्यासक मानतात. त्यांतील बहुसंख्य राजस्थानात आहेत, आणि तेथेही त्यांचा एक मोठा आधार म्हणजे पोखरणचे लष्करी गोळीबार क्षेत्र. तोफांच्या आवाजाची या पक्ष्याला सवय होऊ शकली. नांगर, कुत्री आणि विजेच्या तारांशी मात्र त्याला जमवून घेता आले नाही.

कुंपणाची मर्यादा

येथपर्यंतचा इतिहास वाचून वाटेल की, भोवती तार ठोकली की निसर्ग वाचतो. हलसूर तलावाने ही समजूत खोटी ठरविली.

मार्च २०१६ मध्ये एके सकाळी या तलावात हजारो मासे मरून वर आले. काठावर रखवालदार होते आणि भिंतही होती. परंतु सांडपाणी फाटकातून येत नाही, ते कालव्यातून येते. तलावात येणाऱ्या मैल्यामुळे पाण्यातील प्राणवायू संपला आणि मासे गुदमरले. त्यानंतर मद्रास सॅपर्सच्या जवानांनी होड्या घालून जलपर्णी आणि कचरा काढण्याच्या मोहिमांत भाग घेतला. नागरिकही काठावर उतरले. पण जितके काढावे तितके पुन्हा वरून येत राहिले.

हलसूरचे जादा पाणी पुढे बेळंदूर तलावात जाते आणि तेथून वर्तूरमार्गे दक्षिण पिनाकिनीला मिळते. बेळंदूरच्या काठावरही इब्लूरची लष्करी वसाहत आहे. १९ जानेवारी २०१८ रोजी या तलावाच्या काठावरील वाळलेल्या गवताने पेट घेतला. धुराचे लोट शहरभर दिसले. आग विझविण्यासाठी सुमारे ५,००० जवान उतरले, असे त्या वेळी वृत्तपत्रांनी नोंदविले होते. पाण्याच्या रक्षणासाठी बांधलेल्या तलावात आग विझविण्याची वेळ सैन्यावर यावी, याहून मोठा विरोधाभास कोणता? त्याच वर्षाच्या डिसेंबरात राष्ट्रीय हरित लवादाने तलावांच्या या दुर्दशेबद्दल राज्य शासनाला ५० कोटी रुपयांचा दंड केला.

या दोन घटना एकाच प्रवाहावरच्या आहेत, हे ध्यानात घेतले पाहिजे. कुंपण कुऱ्हाडीला अडवू शकते, बांधकामालाही अडवू शकते. पण वरच्या अंगाला राहणाऱ्या लाखो घरांच्या सांडपाण्याला ते अडवू शकत नाही. म्हणून लष्करी भूमीवरील निसर्ग राखायचा असेल, तर कुंपणाच्या आतले आणि बाहेरचे असे दोन्ही हात लागतात.

स्वयंसेवकांची परंपरा

असे दोन्ही हात एकत्र आल्याची उदाहरणे इतिहासात आहेत. इंग्लंडमध्ये १८९७ पासून युद्धखात्याने सॅल्सबरी प्लेन या विस्तीर्ण माळरानावर जमिनी घेतल्या. आज सुमारे ३८,००० हेक्टरचे ते क्षेत्र आहे. रणगाड्यांचा सराव होतो म्हणून तेथे आधुनिक शेती शिरली नाही आणि खडूमिश्रित मातीवरचे जुने गवताळ रान टिकले. १९७० च्या दशकात तेथील संरक्षण खात्याने निसर्गरक्षणासाठी स्वतंत्र अधिकारी नेमला आणि ठिकठिकाणी स्वयंसेवी गट स्थापन होऊ दिले. या गटांत सैनिक असत, तसेच आसपासचे शिक्षक, पक्षिनिरीक्षक आणि वनस्पतींचे हौशी अभ्यासकही असत. ते पाखरांची नोंद ठेवीत, माजलेली झुडपे काढीत आणि सराव कोठे टाळावा हे अधिकाऱ्यांना सांगत. आपल्या माळढोकाचा एक भाऊबंद ब्रिटनमधून १८३२ च्या सुमारास नाहीसा झाला होता. २००४ पासून तो याच लष्करी माळावर पुन्हा आणून सोडला जाऊ लागला, तोही प्रामुख्याने एका स्वयंसेवी गटाच्या प्रयत्नाने.

अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रेसिडिओ या ठाण्यावर १७७६ पासून प्रथम स्पॅनिश, नंतर मेक्सिकन आणि शेवटी अमेरिकन सैन्य होते. १९९४ मध्ये ते राष्ट्रीय उद्यानाकडे सोपविण्यात आले. तेथे विमानांच्या धावपट्टीखाली गाडली गेलेली खाजणाची दलदल पुन्हा मोकळी करण्यात आली. शाळकरी मुलांसह हजारो नागरिकांनी त्याच परिसरातील रोपांचे बी गोळा केले, रोपवाटिकेत वाढविले आणि हाताने लावले. बाहेरून बी आणायचे नाही, हा तेथला नियम मला विशेष महत्त्वाचा वाटतो.

आपल्या देशात या कामाने वेगळे रूप घेतले. येथे नागरिक लष्करी भूमीवर गेले नाहीत; स्वयंसेवी सैनिकच उजाड भूमीवर गेले. प्रादेशिक सेना ही मुळातच नागरिकांची सेना आहे. १९४९ मध्ये राजगोपालाचारींच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. १ डिसेंबर १९८२ रोजी तिची पहिली पर्यावरण पलटण, गढवाल रायफल्सची १२७ वी, डेहराडूनला उभी राहिली. मसुरीचे डोंगर चुनखडीच्या खाणींनी पोखरले होते. माती वाहून गेली होती आणि झरे आटले होते. या पलटणीतील बहुतेक जण त्याच डोंगरांतील निवृत्त सैनिक होते. त्यांनी आधी चराई थांबविली, घळींना दगडी बांध घातले, गवत लावून माती धरली आणि मग झाडे लावली. पुढील वर्षी राजस्थानच्या वाळूत आणि पुढे जम्मू, कुमाऊँ, दिल्लीजवळची भाटी खाण, आसाम अशा ठिकाणी पलटणी निघाल्या. दुष्काळी मराठवाड्यासाठी २०१७ मध्ये महार रेजिमेंटची १३६ वी पर्यावरण पलटण औरंगाबादला उभी राहिली. महार रेजिमेंटची स्थापना १९४१ मध्ये बेळगावला झाली होती, हे आपण कर्नाटकातील मराठी माणसांनी आवर्जून लक्षात ठेवावे. बेळगावच्या मातीत उभ्या राहिलेल्या रेजिमेंटचे सैनिक मराठवाड्याच्या टेकड्यांवर रोपे जगवीत आहेत.

इतिहासाचा धडा

या उदाहरणांवरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली अशी की, निसर्ग पूर्ववत करणे म्हणजे केवळ झाडे लावणे नव्हे. आपल्याकडे पर्यावरण दिन आला की खड्डे खणले जातात, छायाचित्रे निघतात. पण माळढोकाला झाडी नको, माळ हवा. तेथे वृक्षारोपण केले तर त्याचे घर आपण मोडतो. हलसूरचीही तीच गत आहे. तलाव सुंदर दिसावा म्हणून काठाला दगडी भिंत बांधली की उथळ पाणी, चिखल आणि लव्हाळे जातात, आणि त्यांबरोबर त्यांत घरटी करणारे पक्षीही जातात. पुष्कळदा काही करण्यापेक्षा काही न करणे, किंवा केलेले काढून टाकणे, हेच खरे काम असते.

दुसरी गोष्ट अशी की, एका रविवारच्या श्रमदानाने काही टिकत नाही. याच शहरात पुट्टेनहळ्ळी आणि कैकोंडनहळ्ळी येथील रहिवाशांनी आपापले तलाव वर्षानुवर्षे सांभाळून दाखविले. ते तलाव नगरपालिकेच्या अखत्यारीतले, म्हणून नागरिकांना तेथे जाता आले. लष्करी काठावर परवानगी लागते आणि ती लागणे रास्तही आहे. परंतु लष्करी हद्दीत पाऊलही न टाकता लष्करी काठासाठी काम करता येते. ते कसे, हे मला आमच्या मुलांनी शिकविले.

प्रश्नाचे उत्तर

त्या सहलीनंतर मी आठवीच्या वर्गाला एक प्रकल्प दिला. शाळेच्या मागच्या गटारातले पाणी कोठे जाते, हे शोधून काढायचे. आमच्या मुलांचे पालक बहुतेक विटा, आटपाडी, खानापूर भागांतून गलाईच्या आणि सराफीच्या व्यवसायानिमित्त आलेले. दुष्काळी मुलखातली ही घरे पाण्याचा हिशेब जाणतात. मुले उत्साहाने लागली. त्यांनी नगराचा जुना नकाशा आणि नवा नकाशा शेजारी ठेवले, गल्ल्या पालथ्या घातल्या, शिक्षकांसह राजकालुव्याच्या काठाने चालली. महिनाभराने त्यांनी जो तक्ता भिंतीवर लावला तो पाहून मी गप्प झाले. मुले हात धुतात त्या नळांचे आणि स्वयंपाकघराचे पाणी मैलावाहिनीत जात नव्हते. जुन्या बांधकामातील एका जोडणीमुळे ते पावसाच्या गटारात पडत होते आणि तेथून त्याच खोऱ्यात उतरत होते, ज्याच्या तळाशी बेळंदूर आहे.

साठ वर्षे ज्या शाळेने पर्यावरणावर निबंध लिहून घेतले, बक्षिसे दिली, तिचेच पाणी तलावात घाण मिसळत होते. याचा दोष मी कोणाला देणार? रोज त्या गटारावरून चालत जाणाऱ्यांत मीही होते. संस्थेच्या व्यवस्थापक मंडळाने हा विषय मनावर घेतला आणि हीरक महोत्सवी वर्षातल्या कामांत ती जोडणी बदलून घेतली. कोनशिला नाही, उद्घाटन नाही. जमिनीखाली काही फूट नळ बदलला एवढेच. तरीही या वर्षी झालेल्या कामांपैकी हे काम मला कमी महत्त्वाचे वाटत नाही.

ज्या मुलीने तो प्रश्न विचारला होता ती आता महाविद्यालयात आहे. ती पुन्हा भेटली तर मी उत्तर सुधारून देईन. तलाव केंपेगौडांच्या वंशजांनी बांधला, शहाजीराजांच्या काळात तो येथे होता, इंग्रजांच्या छावणीने त्याच्यावर तहान भागविली आणि आपल्या सैन्याने त्याचा एक काठ राखला. पण पाणी ज्या ज्या घरातून आणि ज्या ज्या शाळेतून त्याच्याकडे वाहते, त्या सर्वांच्या हाती त्याचे पुढचे आयुष्य आहे. सैनिकांनी त्यांचा काठ सांभाळावा. आपण आपले गटार सांभाळावे. शाळेची पुढची वर्षे ज्यांच्या हाती आहेत त्या विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांना माझे एवढेच सांगणे आहे की, तो तक्ता भिंतीवरून काढू नका आणि दर वर्षी पावसाळ्याआधी तो एकदा पुन्हा तपासून पाहा.